फर्डिनंड पोर्शे : दोन चाकांचा न्याय

हिंजवडी म्हटले की आज काचेच्या उंच इमारती आणि संगणकाचे उद्योग डोळ्यांसमोर येतात. परंतु याच गावातून चैत्रात म्हातोबाचे बगाड निघते आणि भाविक ते वाकडपर्यंत ओढत नेतात. बगाडाचा गाडा घ्या किंवा शेतकऱ्याची बैलगाडी घ्या, वळण आले की बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो आणि आतल्या चाकाला जवळचा. बैलगाडीची चाके आसावर मोकळी असतात. त्यामुळे बाहेरचे चाक भरभर फिरते, आतले सावकाश फिरते आणि गाडी सुखाने वळते. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही, कारण ही चाके ओढली जातात. ती स्वतः काही ओढत नाहीत.

मोटारीची गोष्ट निराळी आहे. तिची चाकेच गाडीला पुढे ढकलतात. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना पोचली पाहिजे आणि तरीही वळणावर प्रत्येक चाकाला आपापल्या गतीने फिरता आले पाहिजे. गणपतीच्या मिरवणुकीतले लेझीमपथक आठवून पाहावे. रांग कोपऱ्यावर वळते तेव्हा कडेचा गडी ढांगा टाकीत जातो, आतला जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो आणि रांग मोडत नाही. मोटारीच्या दोन चाकांमध्ये बसून ही रांग सांभाळणारी दातेरी चाकांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ती सिद्ध केली.

या जुळणीत एक खोड मात्र आहे. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला रिक्षाचे एक मागचे चाक चिखलात गेलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. चिखलातले चाक गरगर फिरत राहते आणि डांबरावरचे दुसरे चाक जागचे हलत नाही. पाहणाऱ्याला वाटते, कोरड्या चाकाची ताकद कोणी काढून घेतली. प्रत्यक्षात डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देते. चिखलातल्या चाकाला पकड नाही, म्हणून त्याला फारसा जोर घेता येत नाही. आणि वाटणी समान असल्यामुळे दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा वाटा मिळतो. सगळ्यात दुबळ्या चाकाची जी कुवत, तीच सगळ्या गाडीची कुवत ठरते. आपल्याकडच्या ट्रॅक्टरवाल्याला यावरचा उपाय ठाऊक असतो. तो पायाखालचा खटका दाबून दोन्ही चाके एकमेकांना जखडून टाकतो. शेतातून सरळ निघण्यापुरते हे ठीक असते. खटका तसाच ठेवून डांबरी रस्त्यावर वळायला जावे, तर चाके फरफटतात.

मोकळीकही हवी आणि बंधनही हवे, असा हा पेच आहे. शर्यतीच्या मोटारीत त्याला भिडणाऱ्या आद्य यंत्रज्ञांपैकी एक म्हणजे फर्डिनंड पोर्शे. पोर्शे हे नाव आज श्रीमंतांच्या वेगवान मोटारीवर दिसते. त्या नावामागच्या माणसाचे आयुष्य मात्र त्या मोटारीसारखे चकचकीत नव्हते. त्यात विलक्षण बुद्धी होती, अपार कष्ट होते आणि एक मोठा काळा डागही होता. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने एका यंत्रज्ञाचे चरित्र वाचावे ते याचसाठी.

फर्डिनंडचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. त्या काळी हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अंतोन हे पत्र्याचे काम करीत. मुलाने हातोडी धरावी आणि आपला धंदा पुढे चालवावा, एवढीच त्यांची अपेक्षा. मुलाचे लक्ष मात्र विजेकडे. गावातल्या गालिच्यांच्या कारखान्यात विजेचे दिवे लागले होते, ते पाहून त्याला वेडच लागले. दिवसा वडिलांच्या हाताखाली पत्रा ठोकायचा आणि रात्री जवळच्या राईशेनबर्ग शहरातील तंत्रशाळेच्या वर्गाला जायचे, असा त्याचा क्रम होता. पुढे त्याने राहत्या घरात स्वतःच्या हाताने विजेचे दिवे लावले.

१८९३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला आणि बेला एगर यांच्या विजेच्या सामानाच्या कंपनीत नोकरीला लागला. काम संपले की तेथील तंत्रविद्यापीठात जाऊन तो व्याख्याने ऐके. तो रीतसर विद्यार्थी नव्हता. पदवी त्याला कधीच मिळाली नाही. पुढे त्याच्या नावामागे लागलेली डॉक्टर ही उपाधी विद्यापीठांनी सन्मानाने दिलेली होती.

व्हिएन्नामध्ये याकोब लोनर यांचा घोडागाड्यांचा जुना कारखाना होता. घोड्यांचे दिवस संपत आले हे ओळखून कारखान्याला विजेवर चालणारी गाडी काढायची होती. १८९८ साली पोर्शे तेथे दाखल झाले आणि १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे गाडी झळकली. तिची करामत अशी की विजेची मोटर थेट चाकाच्या तुंब्यात बसवलेली होती. पुढच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटरी होत्या. मध्ये गिअर नाहीत, साखळी नाही आणि डिफरन्शियलही नाही. प्रत्येक चाक आपल्या मोटरीच्या जोरावर हवे तसे फिरे. ज्या माणसाला पुढे डिफरन्शियलशी झुंजावे लागले, त्याने सुरुवातीच्या या गाडीत त्याची गरज मुळातून नाहीशी केली होती.

अडचण आली ती बॅटरीच्या वजनाची. शेकडो किलो शिसे पाठीवर घेऊन गाडी थोड्या अंतरातच दमे. मग पोर्शे यांनी गाडीवरच पेट्रोलचे इंजिन बसवून त्याने वीज निर्माण केली आणि त्या विजेवर चाके फिरवली. आज ज्यांना हायब्रिड गाड्या म्हणतात त्यांची ही पणजी होय. १९०२ साली सक्तीच्या लष्करी सेवेत असताना त्यांनी युवराज फ्रान्झ फर्डिनंड यांच्या गाडीचे सारथ्यही केले. ज्यांच्या खुनाने १९१४ साली पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली, तेच हे युवराज. १९०३ साली अलॉइझिया केस यांच्याशी पोर्शे यांचा विवाह झाला. लुईझ ही मुलगी आणि फेरी हा मुलगा, अशी त्यांना दोन अपत्ये झाली.

१९०६ साली ते ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीचे मुख्य अभिकल्पक झाले. कागदावर रेघा ओढून थांबणारा हा अभियंता नव्हता. १९१० साली जर्मनीत प्रिन्स हेन्री यांच्या नावाची लांब पल्ल्याची स्पर्धा झाली, तेव्हा पोर्शे स्वतः चाकामागे बसले आणि पहिले आले. पुढे १९२३ साली ते श्टुटगार्टला डाइमलर कंपनीत गेले. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या मर्सिडीज गाडीने १९२४ साली सिसिलीच्या डोंगरातील टार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत जिंकली. मात्र कारखान्याच्या संचालकांशी त्यांचे पटेना. वरिष्ठांना मोठ्या, भारदस्त गाड्या हव्या होत्या आणि पोर्शे यांच्या डोक्यात सामान्य माणसाला परवडणारी लहान गाडी घोळत होती. स्वभाव तापट आणि खर्चावर लगाम नाही, अशीही त्यांची ख्याती होती. डाइमलर सुटले. त्यानंतर धरलेली ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीची नोकरी जागतिक मंदीच्या तडाख्यात गेली.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मंदीच्या ऐन भरात, या गृहस्थाने स्वतःचे दुकान थाटले. १९३१ च्या एप्रिलमध्ये श्टुटगार्टला पोर्शे यांची कंपनी उभी राहिली. इतर कारखान्यांना मोटारींचे आराखडे काढून द्यायचे, हा तिचा धंदा. कार्ल राबे, एर्विन कोमेंडा यांच्यासारखे जुने सहकारी आले. मुलगा फेरी आला. पैशाची बाजू सांभाळायला आडोल्फ रोझेनबर्गर नावाचा भागीदार होता. तो स्वतः नामांकित शर्यतपटू होता आणि ज्यू होता. ही दुसरी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

त्याच वर्षी पोर्शे यांनी पिळाच्या दांडीवर चाक टांगण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. जुन्या गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच आडव्या आसाला जोडलेली असत आणि वर पाट्यांचे स्प्रिंग असे. एका चाकाखाली धोंडा आला की दुसरे चाकही कलंडे. पोर्शे यांनी प्रत्येक चाक वेगळे टांगले. पोलादी दांडी पिळली जाई आणि पुन्हा सरळ होई. तीच स्प्रिंगचे काम करी. एका चाकाच्या ठेचेची झळ आता दुसऱ्याला फारशी लागेना.

चाके स्वतंत्र झाली की डिफरन्शियलचे स्थान बदलते. जुन्या पद्धतीत ते आसाबरोबर वरखाली आपटत राही. नव्या पद्धतीत ते गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसते आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन अर्धे आस निघून चाकांपर्यंत जातात. पोर्शे यांच्या गाड्यांत हे अर्धे आस पक्ष्याच्या पंखांसारखे वरखाली हलत. वजन कमी होई आणि खडबडीत रस्त्यावर चाकाची पकड टिके. मात्र जोरात वळताना आतल्या बाजूचे चाक हलके पडे आणि रस्ता सोडू पाही. म्हणजे डिफरन्शियलची ती जुनी खोड येथे दबा धरून बसलेलीच होती.

ती उफाळली शर्यतीच्या मैदानावर. १९३४ पासून मोठ्या शर्यतींसाठी नवा नियम आला : रिकाम्या गाडीचे वजन ७५० किलोपेक्षा अधिक नसावे. चार जर्मन कंपन्यांच्या एकीकरणातून १९३२ साली जन्मलेल्या आउटो युनियनसाठी पोर्शे यांनी एक अजब गाडी आखली. ड्रायव्हर पुढे, त्याच्या पाठीशी पेट्रोलची टाकी आणि त्याच्या मागे सोळा सिलिंडरांचे इंजिन. पहिल्या वर्षी या इंजिनाची ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती होती. १९३६ साली ती ५०० च्या वर गेली. हान्स श्टुक याने १९३४ सालीच तिच्यावर जर्मन ग्रां प्री जिंकली.

एवढी ताकद आणि एवढे हलके वजन यांचा मेळ बसेना. ताशी १६० किलोमीटरच्या वेगातही पायाखालची कळ दाबली की मागचे एक चाक जागच्या जागी गरगरे, टायर जळे आणि इंजिनाचा जोर वाया जाई. रिक्षाच्या चाकाला चिखल लागतो. येथे कोरडा रस्तासुद्धा चिखलासारखा निसरडा ठरत होता. १९३५ साली पोर्शे यांनी फ्रीडरिक्सहाफेन येथील झेडएफ या दातेरी चाकांच्या कंपनीला यावर तोड काढायला सांगितले. झेपेलिनच्या हवाई जहाजांना गिअर पुरवण्यासाठी १९१५ साली निघालेली ही कंपनी. तिचा एक कारखाना आज आपल्या चाकणलाही आहे.

झेडएफने काढलेली तोड समजायला सोपी आहे. डिफरन्शियलमधली नेहमीची लहान दातेरी चाके काढून टाकली. त्यांच्या जागी, लाटेसारख्या उंचसखल कडा असलेली दोन कडी एकात एक बसवली आणि त्यांच्या मधल्या फटीत सरकते खुंट ठेवले. इंजिन खुंटांना फिरवते आणि खुंट दोन्ही कड्यांना. वळणावर चाकांच्या गतीत थोडा फरक पडला तर खुंट सावकाश पुढेमागे सरकतात आणि गाडी वळते. पण एक चाक भलतेच वेगाने फिरू लागले, की खुंटांना त्या उंचवट्यांवरून घासत जावे लागते. ते घासणे हाच अडसर. उधळलेल्या चाकाला तो आवरतो आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर पोचवतो. ट्रॅक्टरच्या खटक्यासारखी ही पुरती जखडण नव्हे. मोकळीक राहते, फक्त तिला मर्यादा पडते. १९३६ साली बेर्न्ट रोझेमायर हा तरुण आउटो युनियनच्या गाडीवर युरोपचा विजेता ठरला.

गाडी शर्यतीत उतरल्यावर तिच्या पोटात मागाहून केलेली ही सुधारणा आज जगभरचे हौशी लोक आपापल्या वेगवान गाड्यांत करून घेतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत बहुधा साधे डिफरन्शियल असते. ते उतरवून त्याच्या घरात मर्यादित घसरणीची जुळणी बसवतात. कोणी चकत्यांची जुळणी पसंत करतो. तिच्यात एकमेकींवर दाबलेल्या चकत्यांचे घर्षण काम करते. कोणी तिरप्या दात्यांची घेतो. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन यंत्रज्ञाने १९५८ साली या जातीच्या जुळणीचे पेटंट मिळवले. काम नाजूक असते. मोठे क्राऊन चाक नव्या घरावर चढवताना त्याच्या आणि पिनियनच्या दात्यांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून, पातळ चकत्या घालून जुळवावी लागते. ती चुकली की गाडी चालताना रडल्यासारखा आवाज येतो आणि दाते झिजतात. मागची चाके स्वतंत्र असतील तर आणखी एक पथ्य असते. डिफरन्शियल रबरी आधारांवर सांगाड्याला टांगलेले असते आणि पूर्वी वाया जाणारा जोर आता अर्ध्या आसांवर येतो. म्हणून आधार आणि आस दोन्ही मजबूत करावे लागतात, नाहीतर ताकद वाढली तिथून तुटण्याची जागा फक्त पुढे सरकते. शिवाय ओल्या रस्त्यावर उतावळेपणा केला तर दोन्ही चाके एकदमच घसरतात आणि गाडीची शेपटी फिरते. यंत्र कितीही चांगले असले तरी चालवणाऱ्याचे भान सुटून चालत नाही.

भानाचा हाच प्रश्न पोर्शे यांच्या आयुष्यात त्या वर्षांत उभा राहिला होता. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. त्याला मोटारींचे वेड होते आणि शर्यतीत जर्मनीचा झेंडा फडकवायचा होता. त्याच वर्षी पोर्शे त्याला भेटले आणि आउटो युनियनला सरकारी मदत मिळाली. १९३४ साली लोकांच्या गाडीचे, म्हणजे फोक्सवागनचे, काम पोर्शे यांच्याकडे आले. किंमत ९९० मार्कांच्या आत बसवायची होती. पोर्शे यांचे जन्मभराचे स्वप्न कोणीतरी ऐकून घेतले होते. पैसा होता, मुभा होती आणि अडवणारे संचालक मंडळ नव्हते. बोहेमियात जन्मल्यामुळे ते चेकोस्लोव्हाकियाचे नागरिक होते. त्या वर्षी ते जर्मन नागरिक झाले. दोनच वर्षांपूर्वी, १९३२ साली, सोव्हिएत रशियाने त्यांना मोठ्या अधिकाराची जागा देऊ केली होती आणि ती त्यांनी नाकारली होती. नाही म्हणणे त्यांना अशक्य होते असे नाही.

भागीदार रोझेनबर्गरचे काय झाले? १९३३ च्या सुरुवातीलाच तो व्यवस्थापकपदावरून दूर झाला. १९३५ साली त्याचा हिस्सा मूळ किमतीला, म्हणजे कवडीमोलाने, पोर्शे कुटुंबाकडे गेला. त्याच वर्षी त्याला अटक होऊन किसलाऊच्या छळछावणीत टाकण्यात आले. तो काही दिवसांनी सुटला, देशोधडीला लागला आणि अखेर अमेरिकेत स्थिरावला. युद्धानंतर, १९५० साली झालेल्या तडजोडीत ५०,००० मार्क आणि एक मोटार त्याच्या पदरात पडली. ज्या वर्षी पोर्शे उधळलेल्या चाकाला आवर घालण्याचे यंत्र करवून घेत होते, त्याच वर्षी त्यांचा भागीदार असा रस्त्याबाहेर फेकला गेला.

लोकांची गाडी तयार झाली. मागे इंजिन, स्वतंत्र चाके, हवेने थंड होणारे चार सिलिंडर, गोल पाठ. हान्स लेडविंका यांच्या टाट्रा गाड्यांची छाप तिच्यावर स्पष्ट होती. त्यावरून पुढे बरीच वर्षे तंटाही चालला. २६ मे १९३८ रोजी कारखान्याची कोनशिला बसली. दर आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट चिकटवत सव्वातीन लाखांहून अधिक लोकांनी गाडीसाठी पैसे भरले. युद्ध सुरू झाले आणि त्यांतल्या एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. कारखान्यातून बाहेर पडली ती लष्करासाठी केलेली क्यूबेलवागन. तिला ताकद फक्त मागच्या दोन चाकांची, तरीही रशियाच्या चिखलात आणि आफ्रिकेच्या वाळूत ती वाट काढी. एक तर ती हलकी होती आणि दुसरे म्हणजे तिच्या पोटात झेडएफचे तेच आपोआप आवरणारे डिफरन्शियल होते. शर्यतीसाठी काढलेली युक्ती अशी आक्रमणाच्या कामी आली. अशा सुमारे ५०,००० गाड्या बनल्या.

त्या कोणी बनवल्या, हे सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. युद्धकाळात फोक्सवागनच्या कारखान्यात सुमारे २०,००० माणसांना सक्तीने राबवले गेले. त्यांत पोलंड आणि रशियातून धरून आणलेले स्त्री-पुरुष होते, युद्धकैदी होते, छळछावण्यांतले बंदी होते. राबणाऱ्या स्त्रियांची तान्ही मुले त्यांच्यापासून तोडून ठेवली जात. रूएन येथील अशा शिशुगृहात तीनशेहून अधिक बालके दगावली. पोर्शे या कारखान्याच्या सर्वोच्च कारभाऱ्यांपैकी एक होते. १९३७ साली ते नाझी पक्षाचे सभासद झाले आणि पुढे एसएस संघटनेचे मानाचे पदही त्यांच्याकडे आले. त्यांना राजकारणात रस नव्हता, ते आपल्या आराखड्यांत बुडालेले असत, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. ते खरेही असेल. परंतु कामाला माणसे कोठून येतात हे त्यांना दिसत होते आणि त्यांनी काम थांबवले नाही. टायगर रणगाड्यासाठी त्यांनी पुन्हा आपल्या तरुणपणीची पेट्रोल-विजेची जोडी वापरून पाहिली. ती लष्कराने नापसंत केली. पुढे तर १८८ टनांचा माउस नावाचा अवाढव्य रणगाडा त्यांनी आखला. सामान्य माणसासाठी स्वस्त, हलकी गाडी हवी म्हणून नोकऱ्या सोडणारा माणूस शेवटी येथवर आला होता.

युद्ध संपल्यावर, १९४५ च्या डिसेंबरमध्ये, फ्रेंचांनी त्यांना बाडेन-बाडेन येथे अटक केली. खटल्याविना सुमारे वीस महिने ते कैदेत राहिले. मधल्या काळात रनो कंपनीच्या लहान गाडीबद्दल त्यांचा सल्लाही घेण्यात आला. दहा लाख फ्रँकांचा जामीन भरून १९४७ च्या ऑगस्टमध्ये त्यांची सुटका झाली. जामिनासाठी फेरीने इटलीतील चिसितालिया कंपनीच्या शर्यतीच्या गाडीचे काम घेतले होते, त्या पैशाचा मोठा आधार झाला. फ्रान्समधील आरोपांतून न्यायालयाने पुढे त्यांना मुक्त केले. ते आरोप फ्रेंच कारखान्यांपुरते होते. फोक्सवागनमधल्या राबवलेल्या माणसांचा हिशेब त्यांना कोणी विचारला नाही.

कैदेने प्रकृती ढासळली होती. ऑस्ट्रियातील ग्म्यूंड गावी, जुन्या लाकडी वखारीच्या जागेत, फेरी पोर्शे आणि जुने सहकारी नवी गाडी घडवत होते. १९४८ च्या जूनमध्ये पोर्शे नावाची पहिली गाडी, ३५६, रस्त्यावर आली. फोक्सवागनचेच बरेच सुटे भाग तिच्यात होते. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये वोल्फ्सबुर्गच्या रस्त्यावर आपल्या लोकगाड्या धावताना वृद्ध पोर्शे यांनी पाहिल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्ट येथे वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ती गोल पाठीची गाडी त्यांच्यानंतरही २००३ सालापर्यंत बनत राहिली. तिची एकूण संख्या दोन कोटींच्या पुढे गेली.

या चरित्राचे आपल्याशी नाते काय? २००८ साली टाटांची नॅनो जगापुढे आली. तिचेही इंजिन मागे होते, मागची चाके स्वतंत्र होती आणि तिच्या आखणीचे बरेचसे काम पिंपरीला झाले होते. चाकणला २००९ पासून फोक्सवागनचा कारखाना आहे. हिंजवडीत आज जगातल्या मोटारींचे आराखडे आणि संगणकीय आज्ञावल्या तयार होतात. विजेच्या काही नव्या गाड्यांत प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर देऊन डिफरन्शियल पुन्हा एकदा रजेवर पाठवले जात आहे. पोर्शे यांनी १९०० साली टाकलेले पाऊल असे सव्वाशे वर्षांनी आपल्या दाराशी आले. आपल्यातले कितीतरी जण, आपले भाऊ-बहिणी, या उद्योगांत काम करतील. कला शाखेचे पदवीधरही तेथे असतील.

त्यांनी पोर्शे यांच्याकडून पुष्कळ घ्यावे. पदवी नसताना रात्री उभे राहून केलेला अभ्यास घ्यावा. पंचावन्नाव्या वर्षी नव्याने सुरुवात करण्याची हिंमत घ्यावी. आणखी एक गोष्ट त्यांच्याच यंत्राकडून घ्यावी. त्या डिफरन्शियलची सारी किमया घर्षणात आहे. उधळलेल्या चाकाला कोणीतरी आतून अडवते, म्हणून गाडी मार्गावर राहते. पोर्शे यांच्या बुद्धीला सत्तेने पैसा दिला, मुभा दिली, मान दिला. तिला आतून अडवणारे काही उरले नाही आणि तिचा सारा जोर जिकडे अडसर नव्हता तिकडे वाहत गेला. आपण करतो ते काम कोणाच्या हाती जाते आणि ते कोणाच्या पाठीवर उभे आहे, हे विचारणारे मन हाच माणसातला अडसर. विचारण्याची ही सवय यंत्रशाळेत शिकवली जात नाही. इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांचे वर्ग त्यासाठीच असतात आणि आपल्यासारख्या महाविद्यालयांचे प्रयोजनही तेच आहे.